अठ्ठावीस बिऱ्हाडांची मोटार

मी मराठीचा प्राध्यापक आहे. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. म्हणजे पुढे मी विजेविषयी आणि यंत्राविषयी जे काही लिहिणार आहे, त्यावर ज्यांना हसायचे असेल ते वेळीच हसून घेतील. आमच्या घरी फ्यूज बदलण्याचे खाते लग्नापासून सौ.कडे आहे. मी फक्त स्टूल धरतो, आणि तेही नीट धरत नाही अशी तक्रार आहे. अशा माणसाच्या दारात एके दिवशी दोन-दोन बॅटऱ्या असलेली, निम्मी पेट्रोलवर आणि निम्मी विजेवर चालणारी मोटार येऊन उभी राहावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

मोटार दादांची. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. विजेच्या खात्यात अभियंता म्हणून त्यांचे आयुष्य गेले. साताऱ्याला घर बांधले, मुलाला शिकवून परदेशी धाडले, आणि निवृत्तीच्या आधी एकच चैन केली. २०१२ साली त्यांनी ही जपानी बनावटीची हायब्रिड मोटार घेतली. कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. गाडीवर माझा राग नाही आणि पुढे जे घडले त्यात तिच्यापेक्षा माझाच दोष अधिक आहे. साताऱ्याकडच्या आमच्या नातलगांना मात्र 'हायब्रिड' म्हटले की ज्वारीच आठवते. १९६४ साली संकरित ज्वारी आली तेव्हापासून हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत इतका रुजला आहे की, "दादांनी हायब्रिड घेतली" हे ऐकून आमच्या एका चुलत्यांनी "किती पोती?" असे विचारल्याचे सांगतात.

२०२० मध्ये दादा गेले. दुसऱ्या वर्षी वहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी नुसती उभी राहून खराब होईल. तुम्ही घेऊन जा." किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी एक लांबोडकी, काळ्या पुठ्ठ्याची वहीही दिली. "ही गाडीचीच आहे. ते तिच्यात काहीबाही लिहीत असत." मी वही घेतली, डोळे पुसले आणि पुण्याला आल्यावर ती डिक्शनऱ्यांच्या कपाटात ठेवून दिली. ती तिथेच राहिली. हीच माझी पहिली चूक.

ह्या गाडीचे शरीरशास्त्र थोडक्यात सांगतो. तिला पेट्रोलचे इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. सिग्नलपाशी गाडी उभी राहिली की इंजिन बंद होते, हळू सुटताना वीज तिला पुढे नेते आणि वेग वाढला की इंजिन जागे होते. ब्रेक दाबला की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होऊन परत बॅटरीत जाते. एरवी जी शक्ती ब्रेकच्या उष्णतेत वाया गेली असती, तिचा काही भाग परत गल्ल्यात पडतो. कल्पना तशी जुनी आहे. १९०० साली फर्डिनांड पोर्शे ह्या तरुण अभियंत्याने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी अशी दुहेरी गाडी बनवली. तिचे लॅटिन नाव होते 'सेम्पर विवुस', म्हणजे सदैव जिवंत. आपल्याकडे तिला 'चिरंजीव' म्हटले असते. पुढे स्वस्त पेट्रोलच्या दिवसांत ही कल्पना झोपी गेली आणि १९९७ च्या डिसेंबरात टोयोटाने जपानात 'प्रियस' आणली तेव्हा पुन्हा जागी झाली. हेही नाव लॅटिनच. त्याचा अर्थ 'आधी', 'अगोदर'. प्राध्यापकाला नावांचे व्यसन असते, वाचकांनी क्षमा करावी.

तर अशा गाडीला बॅटऱ्या दोन. एक थोरली, मागच्या आसनाच्या पाठीशी लपलेली. दुसरी धाकटी, साध्या मोटारीत असते तशी बारा व्होल्टची, पण माझ्या गाडीत ती बॉनेटखाली नसून मागे डिकीच्या कोपऱ्यात आहे. थोरली गाडी ओढते. धाकटीचे काम काय, हे मला २०२२ च्या मे महिन्यात कळले.

त्या सुट्टीत आम्ही आगगाडीने कोकणात गेलो होतो. तीन आठवड्यांनी परत आलो, तर गाडी निपचित. बटण दाबले, काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. किल्लीचे बटण दाबूनही दार उघडेना. आमच्या सोसायटीत अशा प्रसंगी माणसे जमायला वेळ लागत नाही. प्रत्येकाकडे मत होते आणि बहुतेकांचे मत "धक्का मारू" असे होते. आम्ही धक्काही मारणार होतो, पण चाके हलेनात. विजेवाचून ही गाडी पार्किंगमधून सुटतच नाही हे ज्ञान आम्हा सात जणांना घाम गाळून झाले. आणि सुटली असती तरी उपयोग शून्य होता. हिला जुन्या मोटारीसारखा स्टार्टर नाही. इंजिन सुरू करण्याचे काम थोरल्या बॅटरीवर चालणारी मोटरच करते.

मग थोरलीत वीज असून गाडी मेली कशी? त्याचे कारण धाकटी. गाडीतले सगळे संगणक बारा व्होल्टवर जागे होतात आणि तेच थोरल्या बॅटरीचे दार उघडतात. तिजोरी भरलेली आहे, पण किल्ल्यांचा जुडगा असलेला कारकून झोपलेला, असा प्रकार. तीन आठवडे उभ्या गाडीतही घड्याळ, चोरघंटा, किल्लीची चाहूल घेणारे यंत्र ही मंडळी थेंबथेंब वीज पीत असतात. दहा वर्षांची म्हातारी बॅटरी त्यात संपली. गंमत अशी की धाकटी डिकीत आणि डिकी उघडते विजेवर! शेवटी किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून पुढचे दार उघडले. बॉनेट उचलल्यावर फ्यूजच्या पेटीत तांबड्या झाकणाखाली एक टोक दिसते. तिथे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची तार लावायची, दुसरी तार गाडीच्या उघड्या लोखंडाला. मदतीला आलेल्या सद्गृहस्थांनी घाईत तारा उलट्या धरल्या होत्या. सौ.ने त्यांचा हात धरला म्हणून वाचलो, नाहीतर काही हजारांच्या बॅटरीपायी काही लाखांचे यंत्र जळाले असते. तार लागली आणि गाडी क्षणात जिवंत झाली, कारण धाकटीला इंजिन फिरवायचे नसते, नुसते कारकुनाला उठवायचे असते.

तेव्हापासून मी एक शंभर-दीडशे रुपयांचे व्होल्टमीटर बाळगतो. रात्रभर उभ्या गाडीची धाकटी बॅटरी साडेबारा-बारा पॉइंट सहा व्होल्ट दाखवत असेल तर प्रकृती ठीक. बारा-सव्वाबारा म्हणजे निम्मी रिकामी. गाडी चालू असताना चौदाच्या आसपास आकडा दिसला की थोरली धाकटीला नीट खाऊपिऊ घालते आहे असे समजावे. आणि बदलायची वेळ आली तर काटकसर करू नये. डिकीतल्या बॅटरीतून निघणारा वायू बाहेर नेण्यासाठी तिला नळी असते. तशी सोय नसलेली स्वस्तातली बॅटरी बंद गाडीत बसवणे धोक्याचे. मला दुकानदाराने ती देऊ केलीच होती, आणि मी घेणारही होतो. पुन्हा सौ. आडवी आली.

हे झाले धाकटीचे. खरे रामायण पुढच्या वर्षीचे.

२०२३ ची दिवाळी. दादा गेल्यापासून वहिनी सणाला साताऱ्यातच थांबत. "त्यांच्या घरात दिवा लागला पाहिजे," म्हणत. त्या वर्षी मात्र आम्ही त्यांना कसेबसे राजी केले होते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी, सौ. आणि आमची कन्या, असे त्यांना आणायला निघालो. वहिनींचा सकाळी सातला फोन, "पिशवी भरून बसले आहे. चकल्या केल्यात." त्यांना मी येणार होतो त्यापेक्षा गाडी येणार होती ह्याचे अप्रूप अधिक असावे असे मला वाटे. फोनवर त्या दर वेळी आधी विचारत, "गाडी कशी आहे?" मग माझी चौकशी.

खंबाटकी घाट लागला. चढण सुरू झाली आणि मागच्या आसनाच्या बाजूने कसलातरी घुर्रर्र आवाज येऊ लागला. खरे म्हणजे तो आवाज गेले वर्षभर अधूनमधून येत होता. मी रेडिओ मोठा करीत असे. समोरच्या पडद्यावर बॅटरीचे चित्र असते, त्यातल्या पट्ट्या एरवी सावकाश खालीवर होत. त्या आता भराभर उतरल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा उतरल्या, एखाद्या तापकऱ्या माणसाच्या नाडीसारख्या. हेही मी काही महिने पाहत होतो. घाटमाथ्याच्या अलीकडे तांबडा त्रिकोण लागला, त्यात उद्गारचिन्ह. व्याकरणात मी उद्गारचिन्हाचे पुष्कळ प्रकार शिकवले आहेत, पण इतका परिणामकारक वापर पाहिला नव्हता. गाडीतले त्राण गेले. कशीबशी कडेला घेतली.

दोन ट्रकवाले थांबले. सज्जन माणसे. एकाने दोर काढला आणि म्हणाला, "चला, ओढत नेतो, पलीकडे गॅरेज आहे." मी हो म्हणणार, इतक्यात कन्येने कप्प्यातली पुस्तिका उघडून वाचून दाखवले की ही गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढायची नाही. पुढच्या चाकांना विजेची मोटर जोडलेली असते. चाके फिरली की ती वीज तयार करू लागते, आणि नुकसान होऊ शकते. गाडी सपाट ट्रकवर घालून न्यावी, नाहीतर पुढची चाके उचलून. तसा ट्रक यायला चार तास लागले. आम्ही तिघे रस्त्याच्या कडेला चटई टाकून बसलो. वहिनींना फोन केला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. "गाडीला लागले नाही ना कुठे?" एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या एस.टी.ने स्वारगेटला उतरल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात चकल्यांचा डबा. त्या दिवशी मला स्वतःची जी लाज वाटली ती अजून पुरी गेलेली नाही.

मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये गाडी तपासली. टाय लावलेल्या तरुणाने कागद पुढे केला. 'पी ० ए ८०' असा संकेत निघाला आहे, म्हणजे थोरली बॅटरी गेली, नवी घालावी लागेल, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. मी विचारले, "आतले काय बिघडले?" तो म्हणाला, "सर, आम्ही आत बघत नाही. बदलतो." हे उत्तर त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. पण अकरा वर्षांच्या गाडीची बाजारात किंमत तेवढी येईल की नाही ह्याची शंका, आणि घरात बारावीला बसलेली मुलगी. सौ. काही बोलली नाही, नुसती कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. तिचे न बोलणे मला चांगले समजते.

विकून टाकावी, असे रात्री ठरले. भंगाराच्या भावात का होईना. पण वहिनी घरातच होत्या आणि त्यांच्यासमोर हा विषय काढायचा कसा? तेवढ्यात कन्येला वहीची आठवण झाली.

वही म्हणजे दादांचा संपूर्ण स्वभाव. २०१२ पासून प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, किलोमीटर आणि पुढे भागाकार. पहिल्या वर्षी लिटरला २०. २०१९ मध्येही १९ च्या वर. मी घेतल्यापासून वहीत अर्थातच काही नाही, पण कन्येने पंपाच्या पावत्या काढून हिशेब केला तर शेवटचे तीन महिने जेमतेम १५. गाडी वर्षभर सांगत होती, ऐकणारा रेडिओ लावून बसला होता. आणखी एक गोष्ट. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास एक ओळ यायची: 'द. — पं. सा. के.' एवढेच. मी महानुभावांच्या सकळ लिपीवर वर्गात तास-तासभर बोलतो. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या पंथाची सांकेतिक लिपी कशी उलगडली ते मुलांना सांगतो. ह्या चार अक्षरांपुढे मात्र मी हात टेकले. 'पं.' म्हणजे पंक्चर? पंढरपूर? वहिनी चहा घेऊन आल्या, वहीवर एक नजर टाकून म्हणाल्या, "दसऱ्याला पंखा साफ केला. दर दसऱ्याला करायचे. आधी पंखा, मग पूजा."

कसला पंखा? तेव्हा कोठे मी मागच्या आसनाशेजारची जाळी प्रथम लक्ष देऊन पाहिली. थोरल्या बॅटरीला गार ठेवण्यासाठी एक पंखा गाडीच्या आतली हवा त्या जाळीतून ओढून घेतो. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. ती जाळी गेली दोन वर्षे माझ्या अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे होती, आणि त्याआधी सौ.ने आसनावर घातलेल्या गोधडीमागे. (हे वाक्य लिहिताना आम्हा दोघांत दोषाची वाटणी कशी करावी ह्यावर मतभेद झाला. मी गठ्ठ्यांचा वाटा मोठा धरला आहे.) तो घुर्रर्र आवाज म्हणजे गुदमरलेल्या पंख्याची धाप होती. आणि मी? मी दर दसऱ्याला बॉनेटला झेंडूचा हार घालीत होतो.

पुढचे सारे श्रेय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. प्रथम वर्षाला मी त्याला मराठीत नापास केले होते. त्याने कॉलेज सोडले, आयटीआय केले आणि आता नाना पेठेच्या बाजूला त्याचे विजेच्या गाड्यांचे छोटे गॅरेज आहे. म्हणाला, "सर, तुम्ही नापास केलंत म्हणून तर लाइनीला लागलो." ह्यात टोमणा किती आणि कृतज्ञता किती, हे मी शोधत बसलो नाही.

त्याने गाडीला एक आगपेटीएवढे यंत्र जोडले. ते मोबाइलशी बोलते. एसी पूर्ण सोडला, कारण ह्या गाडीत एसीही थोरल्या बॅटरीवर चालतो, आणि मोबाइल कन्येच्या हाती दिला. पडद्यावर चौदा आकडे. बारा-तेरा आकडे पंधराच्या आसपास एकमेकांना धरून उभे होते. आठवा मात्र भार पडताच तेरापर्यंत घसरे आणि भार काढला की उडी मारून वर जाई. "हा तुमचा पेशंट," तो म्हणाला.

थोरली बॅटरी म्हणजे एक बॅटरी नव्हे, हे तेव्हा समजले. ती अठ्ठावीस बिऱ्हाडांची चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाडात सहा खोल्या, प्रत्येक खोली १.२ व्होल्टची, म्हणजे एकूण १६८ खोल्या आणि २०१.६ व्होल्ट. गाडीतला संगणक दोन-दोन बिऱ्हाडांची मिळून हजेरी घेतो, म्हणून आकडे चौदा. खोल्या निकेल आणि धातूच्या हायड्राइडच्या. सगळी बिऱ्हाडे एका ओळीत जोडलेली, म्हणजे एकाच नळाचे पाणी सगळ्यांच्या घरातून जाते. एका घराची मोरी तुंबली की सगळ्या चाळीचे पाणी अडले. आणि मधल्या घरांची उष्णता बाहेर जायला वाट नसते म्हणून ती आधी आजारी पडतात. आमची आठवी जोडी बरोबर मध्यावरची.

एरवी ही चाळ चिवट असते. संगणक तिला कधी पुरी भरू देत नाही आणि कधी पुरी रिकामी होऊ देत नाही, साधारण निम्म्याच्या थोडे वर ठेवतो. पोटभर जेवायचे नाही, उपाशीही राहायचे नाही. त्यामुळेच ती टिकते. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ह्या ग्राहकांच्या नियतकालिकाने २०११ साली दोन लाख मैलांहून अधिक पळालेली २००२ ची प्रियस तपासली तेव्हा तिचे पेट्रोल जवळजवळ नव्या गाडीइतकेच भरले होते. म्हणजे दहा-बारा वर्षांनी हे व्हायचेच, असे म्हणून मला सुटका करून घेता येत नाही.

बॅटरी उघडतानाचा त्याचा विधी मी जवळून पाहिला, म्हणजे त्याने आखून दिलेल्या रेघेमागून. गाडीतल्या नारिंगी तारा ह्या मृत्यूच्या तारा. दोनशे व्होल्टचा तो एकदिश प्रवाह माणसाला सोडत नाही. त्याने जाड रबरी हातमोजे घातले, डिकीतला नारिंगी मुठीचा खटका ओढून काढला आणि तो खटका स्वतःच्या खिशात टाकला. "काढून बाजूला ठेवला तर कोणीतरी शहाणा परत लावतो, सर." मग दहा मिनिटे नुसते थांबणे, कारण खटका काढला तरी इन्व्हर्टरमध्ये साठलेली वीज ओसरायला वेळ लागतो. मग मीटर लावून पाहणे. मग हात. वाचकहो, हे मी लिहितो ते पाहून कोणी घरी पेचकस घेऊन बसू नये. माझ्या विद्यार्थ्यानेही हे काम रीतसर शिकून घेतले आहे.

आधी पंखा निघाला. त्यातून मूठभर लोकर, कापूस आणि धूळ असा चिमणीच्या घरट्यासारखा गोळा. लोकर गोधडीची होती हे मी ओळखले, पण बोललो नाही. बिऱ्हाडांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढली होती. पुष्कळदा एवढ्यानेही संगणक चुकीचे आकडे वाचतो आणि चांगली बॅटरी भंगारात जाते, म्हणून त्याने पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुडवून घासल्या. आमच्या बाबतीत नुसते तेवढे नव्हते. दोन बिऱ्हाडे खरोखरच गेली होती, एकाची भिंत फुगलेली.

त्याच्यापाशी दुसऱ्या गाडीतून निघालेली दोन बरी बिऱ्हाडे होती. ती तशीच बसवत नाहीत. सगळ्यांची ताकद सारखी व्हावी म्हणून ती तीन दिवस टेबलावर मांडून भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. खर्च सव्वीस हजार. साडेतीन लाखांपुढे मला ते फुकट वाटले. तोच मला आवरत म्हणाला, "सर, फार खूष होऊ नका. एक दात काढला की शेजारचा हलतो. वर्ष, दीड वर्ष. मग पुन्हा या." एवढे खरे बोलणारा कारागीर मला आजवर फार थोड्या वेळा भेटला आहे.

जाता जाता त्याने माझ्या सवयींचीही उलटतपासणी घेतली. स्कूटरच्या दिवसांपासून मला उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची खोड. ह्या गाडीत न्यूट्रल केले की बॅटरी भरणेच बंद होते, उतारावरचीही आणि सिग्नलवरचीही. म्हणजे घाट उतरताना मी पेट्रोल वाचवत नव्हतो, फुकट मिळणारी वीज दरीत टाकत होतो, आणि वर जीव धोक्यात. लांब उतारावर गियरच्या दांड्याची 'बी' ही खूण वापरायची, मग बॅटरी भरली तरी इंजिन गाडीला धरून ठेवते. पेट्रोल अगदी तळाला जाऊ द्यायचे नाही. ते संपल्यावर विजेवर रेटत राहिले आणि थोरलीही संपली, तर पेट्रोल आणून ओतल्यावरही इंजिन उठवायला कोणी उरत नाही. इन्व्हर्टरला गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी वेगळी असते. गाडी चालू करून त्या टाकीत पाणी खळबळते की नाही ते पाहायचे. स्थिर दिसले तर पंप गेला.

त्याची भविष्यवाणी खरी ठरली. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा त्रिकोण. ह्या वेळी अकरावी जोडी. आता मात्र दोनच वाटा होत्या. गाडी काढून टाकायची, नाहीतर सगळीच्या सगळी अठ्ठावीस बिऱ्हाडे नवी बसवायची. विद्यार्थ्याचा अंदाज एक लाख पस्तीस हजार. मी साताऱ्याला गेलो, बसनेच. चहा झाल्यावर मनाचा हिय्या करून वहिनींना सगळे सांगितले. गाडी विकली तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून इतके दिवस बोललो नाही, असेही सांगितले.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भावजी, ती गाडी आहे. ते नव्हेत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही फोनवर चार शब्दांपलीकडे बोलत नाही. गाडीचं विचारलं की पाच मिनिटं बोलता. म्हणून विचारते."

मी ताटातला एक खडा उचलला आणि बराच वेळ हातात धरून बसलो.

गाडी विकायला आता कोणाची हरकत उरली नव्हती आणि नेमकी त्यामुळेच मला ती विकवेना. पुण्याला आल्यावर सौ.पुढे आकडेमोड मांडली: गाडीचा सांगाडा, इंजिन, ब्रेक ठीक आहेत. ब्रेकचे काम वीजच पुष्कळसे करते म्हणून त्याची पॅडही फारशी झिजलेली नाहीत. नवी गाडी घ्यायची तर कर्ज. सौ. म्हणाली, "हिशेब खोटा नाही, पण तो तू हिशेबासाठी करत नाहीयेस." आणि पैसे काढून दिले. जुनी बॅटरी विद्यार्थ्याने भंगारवाल्याला दिली नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जावी लागते, आणि आतल्या निकेलला मोल आहे.

२०२२ पासून आपल्याकडे अशा दुहेरी गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या काहींत नव्या जातीच्या लिथियमच्या बॅटऱ्या असतात आणि टोयोटासारखी कंपनी बॅटरीवर आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी ह्या सुट्टीत मागच्या आसनाच्या शेजारी किंवा खाली जाळी आहे का ते एकदा वाकून पाहावे. तिच्यापुढे फराळाचे डबे रचलेले असतील तर ते दुसरीकडे ठेवावेत. फराळाला काही होणार नाही.

यंदा दसऱ्याला आम्ही आधी पंखा साफ केला, मग हार घातला. वहीत नोंद कन्येने केली. तिने 'पं. सा. के.' असे लिहिले नाही. पूर्ण वाक्य लिहिले आणि कंसात 'बाबांसाठी' असे घातले. पुढे लिटरला १९.२.

परवा वहिनींना आणायला गेलो. खंबाटकी चढताना मी रेडिओ बंद ठेवला होता. पट्ट्या सावकाश उतरल्या, पलीकडच्या उतारावर सावकाश भरल्या. परत निघताना वहिनी मागच्या आसनावर बसल्या आणि पिशवी त्यांनी शेजारी, नेमकी जाळीला टेकून ठेवली. मी खाली उतरलो, मागचे दार उघडले आणि पिशवी उचलून त्यांच्या पायांशी ठेवली.

"तेसुद्धा असंच उतरून यायचे," वहिनी म्हणाल्या, आणि चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या.